व्हिडिओ चालत होता, धडा चालत नव्हता

माझा बाप सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत ठेकेदाराच्या माणसांत होता. कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. ज्यांच्या घरात खाणीचं काम आहे त्यांना हा फरक सांगावा लागत नाही. दगडाला भोकं पाडायच्या मशीनवर तो नऊ वर्षं उभा राहिला. कानात घालायचा कापूससुद्धा घरून न्यायचा. आई दुसऱ्यांच्या शेतात वेचणीला जायची, ओटीत चिकटून आलेला बोटभर कापूस त्याच्यासाठी ठेवायची. तरी उजवा कान गेला, मग डावा गेला. एक दिवस मागून येणाऱ्या डंपरचा हॉर्न त्याला कळला नाही. सोबत्याने खेचला म्हणून वाचला. त्याच संध्याकाळी त्याचं नाव कटलं. "याले ऐकू येत नाही, हा कामाचा नाही." ज्या कामाने कान खाल्ले, त्याच कामाने हे म्हटलं.

घरी टिनाची एक खोली आणि आम्ही पाच जणं. माझी मोठी बहीण सातवीतून निघाली आणि आईसोबत वेचणीला लागली. तिचा गणितात माझ्यापेक्षा चांगला हात होता, हे मी आजही कबूल करतो. आजोबा छप्पनला नागपूरला दीक्षेला जाऊन आले होते. तेव्हापासून घरात एकच गोष्ट पक्की होती, की एकाने तरी कॉलेज करायचंच. तो एक मी निघालो, कारण मी पोरगा होतो. याचा मला अभिमानही आहे आणि लाजही.

लोक बापाशी ओरडून बोलायचे. दोनदा ओरडूनही उत्तर आलं नाही की हात झटकायचे, "जाऊ दे गा, याले समजत नाही." बापाला सगळं समजायचं. ऐकू यायचं नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला दहाव्या वर्षी कळलं होतं. नागपुरातल्या एका संस्थेच्या सचिवांना साठी उलटल्यावर कळलं, तेही मी कळवलं म्हणून.

संपादकांनी मला माझ्या धंद्याबद्दल लिहायला सांगितलं आहे. बी.एस्सी. झालो, नागपुरात सदर भागात एका कॉम्प्युटरच्या दुकानात सात वर्षं घासली, मग स्वतःचं काम सुरू केलं, एवढ्यात माझं चरित्र संपतं. काम असं, की कंपन्या आणि कॉलेजं जे कॉम्प्युटर भंगारात काढतात ते मी घेतो, दुरुस्त करतो, त्यांच्यावर लिनक्स टाकतो आणि ज्या शाळांना नवं घेणं जमत नाही त्यांना लावून देतो. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ प्रणाली, कोणाच्या बापाची मालकी नसलेली. ती उघड आहे, तिच्यात काय चाललं आहे ते बघता येतं, आणि दहा-बारा वर्षं जुन्या मशीनलाही ती उभं करते. फुकट मिळते म्हणून लोक तिला हलकी समजतात. याचा मला राग येतो, आणि हा लेख रागातच लिहितो आहे.

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या निम्म्या एकाच वाक्याने सुरू होतात, "व्हिडिओ लागत नाही, फाईल खराब आहे." फाईल बहुतेक वेळा खराब नसते. प्रताप नगरचे एक निवृत्त गृहस्थ होते. मुलीच्या लग्नाची जुनी सीडी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली होती. ती उघडेना म्हणून त्यांनी फाईलच्या नावापुढचं शेपूट खोडलं आणि स्वतःच्या हाताने 'एमपीफोर' लिहिलं.

"आता तर एमपीफोर आहे ना? मग काहून लागत नाही?"

"काका, तिखटाच्या डब्यावर साखर लिहिलं तर चहात टाकता का?"

"तुम्ही मस्करी करून राहिले."

"नाही काका, शिकवून राहिलो."

त्यांना जे सांगितलं तेच वाचकांना सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एमपीफोर, एव्हीआय, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्रं असतात, आवाज असतो, कधी खालची अक्षरं असतात, आणि कशासोबत काय चालवायचं याची यादी असते. पण चित्रं आत जशीच्या तशी ठेवत नाहीत. एका सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं, ती जशीच्या तशी ठेवली तर पाच मिनिटांत पेनड्राइव्ह भरेल. म्हणून ती लघुलिपीत लिहितात. कोर्टातले स्टेनो जसे लिहितात तसंच समजा. एक चित्र पूर्ण लिहायचं, पुढच्यांत फक्त काय बदललं तेवढंच टिपायचं. या लघुलिपीला कोडेक म्हणतात. लघुलिप्या अनेक आहेत. एकाच रंगाच्या दोन वह्यांत दोन वेगळ्या लिप्या असू शकतात. वहीच्या कव्हरवरून आतली लिपी कळत नाही, तशीच फाईलच्या नावावरून कोडेक कळत नाही. लिपी वाचता येणारा प्रोग्राम मशीनमध्ये पाहिजे. लिनक्सच्या बऱ्याच प्रकारांत तो आधीपासून नसतो, कारण त्या लिप्यांवर कंपन्यांनी हक्क सांगून ठेवले आहेत. तो आपण वेगळा टाकायचा असतो. एकदा टाकला की झालं. एवढं न करता "लिनक्सवर व्हिडिओ चालत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाला मी चहा विचारत नाही.

आता त्या शाळेकडे येतो.

शाळेच्या पाटीवर 'मूकबधिर विद्यालय' लिहिलं आहे. त्यातला 'मूक' शब्द खोटा आहे. तिथली मुलं दिवसभर बोलतात, भांडतात, एकमेकांच्या चहाड्या करतात, फक्त हातांनी. मी तिथे बावीस जुनी मशीनं लावून दिली. दहावीच्या वर्गाला विज्ञान आणि भूगोल शिकवायला वैशाली मॅडम होत्या. त्यांना स्वतःला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या एम.एस्सी. आहेत, कराराच्या नेमणुकीवर होत्या, दर वर्षी जूनमध्ये करार नवा व्हायचा. त्या खुणांच्या भाषेत धडे सांगायच्या, ते कॅमेऱ्यावर घ्यायचे आणि मुलांनी मशीनवर हवे तेवढ्या वेळा बघायचे, अशी पद्धत त्यांनीच बसवली होती. कोणालाही पुस्तकातला परिच्छेद दोनदा वाचता येतो, तसा त्या मुलांना धडा दोनदा वाचता यायला लागला. पहिली दोन वर्षं मुलं चांगली पास झाली.

तिसऱ्या वर्षी शाळा चालवणाऱ्या संस्थेला कोणीतरी नवा फोन भेट दिला. कॅमेरा जुना झाला म्हणून मॅडमचे धडे फोनवर घ्यायला लागले. चित्र पहिल्यापेक्षा दुप्पट स्वच्छ. सगळे खूश. आणि वर्ग ढासळायला लागला. चाचणीत मुलं अर्धवट उत्तरं लिहायची, शेजारी शेजारी बसून एकाच धड्याचे वेगवेगळे अर्थ लावायची.

मुख्याध्यापिका बाईंचा मला फोन आला, "भाऊ, व्हिडिओ अटकतात असं पोरं म्हणतात, एकदा बघून जा."

मी गेलो. एक धडा लावला. मॅडम पडद्यावर होत्या, हात हलत होते, मधूनच थोडं झटक्याने. आवाज तर धड्यांना नव्हताच. मी म्हटलं, "चालून तर राहिला, बाई." आणि निघालो. सदरला दुसरं काम होतं.

पंधरा दिवसांनी परत फोन. तेव्हा मी म्हटलं, फाईली मोठ्या आहेत, लहान करून देतो. केल्या. कशा केल्या ते ऐका. सेकंदाला साठ चित्रं होती, त्यांची बारा केली. माझ्या डोक्यात हिशेब असा, की आवाज नाही, कोणी पळत नाही, एक बाई जागेवर उभी आहे, बारा चित्रं बस झाली. फाईली इवल्याशा झाल्या, कुठेही अटकेनात. मुख्याध्यापिका बाईंना मी अभिमानाने दाखवल्या. बी.एस्सी. माणूस मी, बहिऱ्या बापाचा पोरगा मी, आणि मी हे केलं. पुढचे सहा आठवडे त्या मुलांनी त्या फाईली बघितल्या. बाकीच्यांवर रागवण्याआधी हे लिहून ठेवणं भाग आहे.

तेवढ्यात संस्थेची बैठक झाली. मशीनं विकणारे एक गोलूभाऊ म्हणून पुरवठादार आहेत, ते सचिव साहेबांच्या कानाशी लागले होते. त्यांचं म्हणणं, जुनी मशीनं आणि लिनक्स फेकून द्या, नवी बावीस घ्या, अर्थात त्यांच्याकडून. मी समोरच बसलो होतो.

"अरे भाऊ, फुकटचं हाय ना ते. फुकटच्यात असंच होते."

मी म्हटलं, "एका मशीनवर मी तुमची विकतची सिस्टीम टाकून फोनची मूळ फाईल लावली, गोलूभाऊ. तिथेही तसंच झटके मारते."

"मग मशीन भंगार हाय. तुम्हीच भंगारातून आणली."

"जुने व्हिडिओ याच मशीनवर लोण्यासारखे चालतात. फोनवरचे मूळ चालत नाहीत."

"दोन्ही एमपीफोर, मग एक चालते अन् एक नाही चालत, हे कसं काय? काही पण सांगून राहिले."

सचिव साहेबांनी दोघांनाही थांबवलं. त्यांना मशीनमध्ये रस नव्हता. वर्गाची तपासणी करून कोणीतरी त्यांना एक अहवाल दिला होता, त्यातलं वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. "विद्यार्थ्यांची आकलनशक्ती कमी असून शिक्षिकेच्या खुणा अस्पष्ट आहेत." मग चष्मा काढून ते म्हणाले, "व्हिडिओत आवाज तर नाहीच. ज्याला आवाजच नाही त्यात बिघडणार काय? तुम्ही सांगा. बाईंचं शिकवणं कमी पडतं आहे. जूनला आपण दुसरी व्यवस्था बघू. ऐकू येणारी एखादी बघा, समन्वय सोपा जातो."

वैशाली मॅडम त्याच खोलीत, भिंतीजवळ बसल्या होत्या. त्यांच्यासमोर हे बोलणं झालं आणि कोणीही ते त्यांना खुणांनी सांगितलं नाही; खुणा येणाऱ्या मुख्याध्यापिका बाई त्या बैठकीला नव्हत्या. मीही नाही, कारण मला खुणा येत नव्हत्या. दोन वर्षं त्या शाळेत येऊन जाऊन मी 'नमस्कार' आणि 'चहा' एवढंच शिकलो होतो.

बैठक सुटल्यावर मी एका कागदावर त्यांना सगळं लिहून दिलं. अहवालातलं वाक्यही दिलं. त्यांनी वाचलं, कागदाची घडी केली, आणि मला हाताला धरून वर्गात नेलं. वर्ग रिकामा होता. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं:

व_स्प_ी मु_ां_ून पा_ी शो_ून घे_ात

आणि खडू माझ्या हातात दिला. मी मोकळ्या जागा भरल्या. वनस्पती मुळांतून पाणी शोषून घेतात. मनात म्हटलं, यात काय आहे.

मग त्यांनी दुसरं वाक्य लिहिलं, तशाच गाळलेल्या अक्षरांचं. मी बराच वेळ बघत राहिलो. दोन-तीन शब्द लागले, बाकी नाही. त्यांनी नंतर पूर्ण करून दाखवलं तेव्हा कळलं, भूगोलातलं, एका परदेशी नदीबद्दल काहीतरी होतं, मी कधीच शिकलेलो नव्हतो.

त्यांच्याजवळ नेहमी एक वही असते. तिच्यात त्यांनी लिहिलं, "ओळखीचं असेल तर ओळखता येतं. माझ्या मुलांना धड्यातलं सगळंच नवीन."

मी लिहिलं, "पण व्हिडिओ चालतो आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला सातवीतल्या मास्तरांची आठवण झाली. लिहिलं, "तुम्ही बघता. वाचत नाही."

मग त्यांनी शास्त्रीय शब्द बोटांनी कसे लिहितात ते दाखवलं. प्रत्येक अक्षराला दोन्ही हातांची एक ठेवण, आणि त्यांची बोटं एका सेकंदात चार-पाच अक्षरं करतात. हात कुठून निघाला, कुठे थांबला, किती जोरात गेला, भुवई वर होती की खाली, या सगळ्यात अर्थ असतो. मी केलेल्या बारा चित्रांच्या फाईलीत त्यातलं निम्मं धुवून निघालं होतं. मी बघत होतो एक बाई हात हलवते आहे. ती बोलत होती, आणि मी तिची अक्षरं खात होतो.

त्या दिवशी मी पहिल्यांदा मशीनसमोर नीट बसलो. हे काम मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. लिनक्समध्ये एक छोटी आज्ञा आहे, ती डबा न फोडता आत काय आहे ते वाचून दाखवते. जुन्या कॅमेऱ्याच्या फाईलीत एच-२६४ नावाची लघुलिपी निघाली. नव्या फोनच्या फाईलीत एच-२६५. डबा दोन्हींचा एमपीफोर. एच-२६५ अर्ध्या जागेत तेवढंच चित्र बसवते, पण ती उलगडायला डोकं फार लागतं. नव्या फोनात आणि नव्या कॉम्प्युटरात त्या कामासाठी वेगळी चिप असते. आमच्या जुन्या मशीनांत ती नव्हती, सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर. तो धापा टाकायचा, घड्याळाच्या मागे पडायचा, आणि मागे पडला की प्लेअर काय करतो? उशीर झालेली चित्रं फेकून देतो आणि पुढे पळतो. शंकूचं चिन्ह असलेला जो प्लेअर आपण सगळे वापरतो, त्यात एक खिडकी उघडली की फेकलेल्या चित्रांचा आकडा दिसतो. मी धडा लावला आणि ती खिडकी उघडी ठेवली. आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळत होता. जवळपास दर तिसरं चित्र कचऱ्यात जात होतं.

म्हणजे पहिल्या अडीच महिन्यांचा दोष त्या फोनचा, आणि पुढच्या दीड महिन्याचा माझा. मुलांचा एका दिवसाचाही नाही. मॅडमचाही नाही.

हे मी लिहून दिलं. सचिव साहेबांना पहिलं पत्र, उत्तर नाही. दुसरं पत्र, उत्तर नाही. तिसरं हाती नेऊन दिलं तर कारकून म्हणाला, "साहेबांनी वाचलं. म्हणाले, टेक्निकल आहे." टेक्निकल! हा शब्द ऐकला की माझं टाळकं सरकतं. आपल्याकडे ज्याला समजून घ्यायचं नसतं तो माणूस हा शब्द ढालीसारखा पुढे धरतो. करार संपायला पाच महिने उरले होते, तरी नव्या शिक्षिकेच्या मुलाखतीची जाहिरात तयार होती.

शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी साहेबांना प्रात्यक्षिक बघायला बोलावलं. गोलूभाऊही आले. मी दोन मशीनं शेजारी ठेवली, एकावर फोनची मूळ फाईल, दुसऱ्यावर मी नव्याने बदललेली, पूर्ण चित्रांची. एकच धडा, दोन्हीकडे. साहेबांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं.

"मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"तेच तर मी म्हणून राहिलो साहेब," गोलूभाऊ लगेच. "इतका तमाशा काहून करून राहिले हे?"

मला हे माहीत होतं. मलाही सारखेच दिसले होते. म्हणून मी तिसरी फाईल तयार ठेवली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात साहेबांनी पंचवीस मिनिटं भाषण केलं होतं, त्याचं रेकॉर्डिंग त्याच मशीनमध्ये होतं. मी त्यातली फक्त पहिली दोन मिनिटं घेतली आणि त्यांच्या आवाजातला दर तिसरा तुकडा गाळला. चित्राला हात लावला नाही. व्हिडिओ लावला आणि आवाज मोठा केला.

साहेब पडद्यावर हसतमुख उभे. "सन्मान… अध्य… आणि… पालक… आज या… मुलां… डोळ्यां… जे स्व… आपल्या संस्थे… त्याची जबा…"

पंधरा सेकंद झाली असतील. साहेबांचा चेहरा लाल.

"हे काय आहे? काय केलं तुम्ही माझ्या भाषणाचं?"

"काही नाही साहेब. चालून तर राहिलं आहे."

"काय चालून राहिलं? एक वाक्य समजत नाही! बंद करा ते!"

मी बंद केलं नाही. आवाज थोडा कमी केला आणि खिशातून अहवालाची प्रत काढली. म्हटलं, "साहेब, तुम्हाला समजत नाही, तर तुमची आकलनशक्ती कमी असं लिहू का? की तुमचं भाषण अस्पष्ट आहे असं लिहू? इथे दोन्ही लिहिलेलं आहे, फक्त नाव बदलायचं. तुम्हाला पंधरा सेकंदांत राग आला. या पोरांनी चार महिने हेच बघितलं. त्यातला दीड महिना मी दाखवला, त्याची माफी मी मॅडमची मागितली आहे. तुम्ही कोणाची मागणार?"

गोलूभाऊ पेनड्राइव्ह शोधल्यासारखे खिसे चाचपायला लागले. मुख्याध्यापिका बाई खुणांनी सगळं मॅडमना सांगत होत्या, आणि जशा त्या भाषणाच्या भागापर्यंत आल्या तशा मॅडम तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. हसताना त्यांचा आवाज निघतो, मोठा, मोकळा. मी तो पहिल्यांदाच ऐकला.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांचाच हात वर-खाली होत होता. मग म्हणाले, "माणसाने सरळ सांगावं ना."

"तीनदा लेखी सांगितलं, साहेब."

"ते टेक्निकल होतं."

माफी त्यांनी मागितली नाही. पण जाहिरात थांबवा, असं कारकुनाला माझ्यासमोर सांगितलं. एवढं मी त्यांच्या बाजूने लिहितो.

त्यानंतरचं काम मेहनतीचं होतं, पण सोपं. फोनच्या सेटिंगमध्ये एक जागा असते, तिथे जागा वाचवणारी लिपी बंद करून सगळीकडे चालणारी निवडता येते. ते एका बोटाचं काम. चार महिने मुलं मागे पडली ती त्या एका बोटासाठी, हे मनात आलं की आजही संताप येतो. आधीचे सगळे धडे मी एच-२६४ मध्ये बदलले. एक चित्रही कमी केलं नाही. जागा वाचवायची होती ती दुसरीकडून वाचवली. मॅडमच्या मागची भिंत, पंखा, खिडकी हे सगळं कापलं आणि चौकटीत फक्त डोक्यापासून कमरेपर्यंत मॅडम ठेवल्या, म्हणजे हात आणि चेहरा मोठा दिसतो. ही कल्पना माझी नाही, दहावीतल्या एका मुलीची. तिने पडद्यावर बोटाने चौकट काढून दाखवली होती. प्रत्येक धडा तयार झाला की मॅडम बघायच्या. मी त्यांच्याकडे बघायचो. मान हलली की पास. एकोणीस धडे त्यांनी परत पाठवले. वहीत कारणं लिहिलेली असायची, आणि ती गोड शब्दांत नसायची. "इथे बोटं पुसट. परत करा." "तुम्ही घाईत होता का?"

त्याच दिवसांत मला माझं नाव कळलं. या मुलांत अशी रीत आहे, की प्रत्येक माणसाला ती खुणेचं एक नाव देतात. कोणाला गालावरच्या तिळावरून, कोणाला चालण्यावरून. नाव मागून मिळत नाही, ते ठरवतात. मी आलो की मुलं तर्जनी हवेत गोल गोल फिरवायची आणि खुदखुदायची. मला वाटायचं पंखा लावा म्हणत असतील. मी दोन-तीनदा उठून पंखा लावलाही. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी सांगितलं, "भाऊ, ते तुमचं नाव आहे. व्हिडिओ अटकला की पडद्यावर ते गोल चाक फिरते ना, ते तुम्ही." मी म्हटलं, आता तर अटकत नाही, आता बदला म्हणावं. बाईंनी खुणेने विचारलं. मागच्या बाकावरच्या एका पोराने जे उत्तर दिलं, त्यावर सगळा वर्ग लोळला. बाईंनी मला ते सांगायला नकार दिला.

मी आता खुणा शिकतो आहे. आठवड्यातून एकदा, शनिवारी, त्या मुलांसोबत बसून. हळू शिकतो. पण आता त्या पडद्याकडे नुसतं बघत नाही, थोडं थोडं वाचतो.

हे सगळं कोणी मोठेपणा म्हणून घेऊ नये. यात एकही अवघड शोध नव्हता. डबा उघडून आत बघायचं होतं, आणि ज्याला त्रास होतो आहे त्याला विचारायचं होतं. पहिलं काम मला येत होतं तरी मी केलं नाही. दुसरं कोणीच केलं नाही. वर शिक्का मुलांच्या डोक्यावर मारला, तोही संस्थेच्या लेटरहेडवर. माझ्या धंद्यातली तरुण मंडळी हे वाचत असतील, त्यांना एवढंच सांगतो, की गिऱ्हाईक म्हणालं "समजत नाही" तर आधी मशीन तपासा, मग स्वतःला तपासा. गिऱ्हाइकाला तपासायची वेळ सहसा येत नाही.

त्या वर्षी दहावीला अकरा मुलं बसली. बदललेले धडे त्यांना परीक्षेआधी सात आठवडे मिळाले. अकरापैकी दहा पास झाली. राहिलेली एक मुलगी जुलैच्या फेरपरीक्षेत पास झाली. वैशाली मॅडमचा करार त्या जूनमध्ये वाढला आणि त्याच्या पुढच्या जूनमध्ये त्यांची नेमणूक कायम झाली. अहवालातलं ते वाक्य संस्थेने लेखी मागे घेतलं, त्या पत्राची प्रत माझ्याजवळ आहे. मॅडमचे एकशे बेचाळीस धडे आज त्या शाळेच्या बावीस जुन्या मशीनांवर पूर्ण चालतात.